दाखल-खारीज 'गोपनीय' की 'खासगी'?

आर्णीकडचे एक पालक: पोराच्या जात पडताळणीसाठी त्याच्या आजोबांचा दाखल-खारीज उतारा, म्हणजे शाळेत आल्या-गेल्याच्या रजिस्टरातली नोंद, मागायला गावच्या शाळेत गेलो. "रजिस्टर गोपनीय आहे जी, देता येत नाही," असं उत्तर मिळालं. अन् त्याच शाळेनं शिष्यवृत्तीची यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती, जात अन् आधार नंबरासकट! मग गोपनीय म्हणजे नेमकं काय? अन् दाखल-खारीज हे जोडनाव काहून?

दर्यापूरचे निवृत्त मुख्याध्यापक: जोडनावाचं सोपं आहे. दाखल म्हणजे आत आला, खारीज म्हणजे बाहेर गेला. दोन्ही मूळ अरबी. कोर्टात दावा खारीज होतो, तोच हा शब्द. उत्तरेत दाखिल-खारिज म्हणजे जमिनीचा फेरफार, आपल्याकडे विदर्भात शाळेचं रजिस्टर. पुण्याकडचा कारकून 'जनरल रजिस्टर' अन् 'निर्गम उतारा' म्हणेल. आपण 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतो, त्याचाही हात असावा.

आता गोपनीय. गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगं. फुटायच्या आधीची प्रश्नपत्रिका गोपनीय, साहेबानं लिहिलेला अहवाल गोपनीय. दाखल-खारीजचं पान उघडून पाहा: नाव, जात-पोटजात, जन्मतारीख अंकी अन् अक्षरी, मागची शाळा, वर्तणूक, सोडल्याचं कारण, शेवटी शेरा. यातलं लपवायचं काय? हे खासगी आहे, म्हणजे त्या-त्या माणसाचं. ज्याचं त्यालाच 'गोपनीय' सांगणं म्हणजे सातबारा मालकापासून लपवणं झालं.

वर्धेचे एक वकील: गुरुजींशी सहमत. माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारायची मुभा देणाऱ्या कलम 8(1)(ञ) मधला शब्दही 'वैयक्तिक माहिती' असाच आहे, अन् ती आड येते त्रयस्थाला. स्वतःची उत्तरपत्रिका पाहायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच मान्य केला. टीसीचं, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचं, तर आणखी स्पष्ट आहे: शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5. आठवीपर्यंतच्या मुलाला मुख्याध्यापकानं टीसी लगेच द्यायची, अन् ती नाही म्हणून दुसऱ्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. फी बाकी आहे म्हणून टीसी दाबून ठेवणारे हे कलम वाचत नाहीत, हा भाग वेगळा.

व्हॉट्सॲपवरची यादी मात्र खरी चूक. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येक जण बालकच धरला आहे, अन् त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे.

आर्णीकडचे पालक: पण आजोबा वारले. मी त्रयस्थ की काय?

वकील: नाही. जात पडताळणीत ओबीसींना 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे कागद बापाचा नाहीतर आजोबाचाच असणार. नातं दाखवायला वंशावळीचं शपथपत्र जोडा.

मुख्याध्यापक: अन् 'रजिस्टर दाखवा' म्हणू नका. एका पानावर पंधरा-वीस पोरांच्या जाती अन् जन्मतारखा असतात. मोबाइलनं अख्ख्या पानाचा फोटो काढून नेणारे मी पाहिले आहेत, अन् शेजाऱ्याची सोयरीक जुळवताना तोच फोटो फिरलेलाही. 'उतारा' हा शब्द त्यासाठीच नेमका आहे: तुमची एक ओळ उतरवून, सही-शिक्क्यानिशी.

आर्णीकडचे पालक: अर्जात 'नक्कल' लिहू की 'उतारा'?

मुख्याध्यापक: "दाखल-खारीज रजिस्टरमधील नोंदीचा साक्षांकित उतारा." पोच घ्यायला विसरू नका.