एकोणसत्तराव्या वर्षी ई-सायकल: दोन्हींतली कोणती घेऊ?

कोथरूडकर६९:
नमस्कार मंडळी. वय ६९, उंची पाच फूट चार, उजवा गुडघा कुरकुरतो, बाकी ठणठणीत. मुक्काम पुणे, मयूर कॉलनी. रोज सकाळी मंडई, अधूनमधून डेक्कन आणि रविवारी बावधनला लेकीकडे, म्हणजे चांदणी चौकाचा चढ आलाच. नातू म्हणतो, आजोबा, इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. पण मला पाय हलवायचेत, नुसतं बसून जायचं तर पीएमटीची बस काय वाईट आहे?

दोन सायकली पाहिल्या. एक २६ किलोची, मधे आडवा दांडा, बॅटरी मोठी. दुसरी १८ किलोची, लेडीज सायकलसारखी खाली वाकलेल्या फ्रेमची, ३६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-तासांची बॅटरी. दुकानदार पहिली गळ्यात मारतोय. म्हणतो, "काका, रेंज बघा, रेंज!" सौ.चं मत, दोन्ही नकोत.

पेठकर:
२५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीच्या आत वेग असेल, तर लायसन्स नको, नंबरप्लेट नको. दुकानदार "वेगाचं लॉक काढून देतो, पस्तीसने पळेल" म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. मग ती कायद्याने सायकल राहत नाही.

टेकडीखालची:
मी ७२ वर्षांची बाई, चार वर्षं ई-सायकल चालवतेय. पहिल्या वर्षी पडले. चालवताना नाही, नळस्टॉपच्या सिग्नलला उभी असताना. दांड्याची सायकल होती, हँडलला भाजीची पिशवी. तोल जरासा गेला, पाय दांड्यावरून पलीकडे येईना, आणि चोवीस किलोंचं धूड अंगावर. मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये. आपल्या वयाची माणसं पळत्या सायकलवरून कमी पडतात, थांबताना आणि उतरताना जास्त, असा माझा अनुभव. तेव्हा दांडा विसरा. लेडीज सायकल म्हणून कोणी हसलं तर हसू दे.

आता ती रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती किमी. ३६ गुणिले साडेसात म्हणजे २७० वॅट-तास. पाय मारत, मोटरची बेताची मदत घेत गेलात तर किलोमीटरला साधारण दहा जातात. चढाला जास्त, नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पाय न मारता फक्त मोटरवर, तर दुपटीच्या आसपास. मंडई जाऊन-येऊन तुम्हाला दहा-अकरा किमी पडेल, बावधनही पंधराच्या आतबाहेर. लहान बॅटरीत बसतंय सगळं. उगाच आठ किलो जास्त का वागवायचे? पार्किंगमध्ये ती सायकल मागे ओढून वळवायची कोणी, नातवाने?

आणि सेन्सर विचारा. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. स्वस्त सायकलींत केडन्स सेन्सर असतो: पेडल फिरतंय एवढंच त्याला कळतं, तुम्ही किती जोर लावलाय ते नाही. अर्धा फेरा झाला की मोटर एकदम ढकलते. गर्दीत हे भीतीदायक असतं. टॉर्क सेन्सरवाली तुमच्या पायाच्या जोराच्या प्रमाणात मदत करते, पण महाग. केडन्सचीच घेणार असाल तर ब्रेक दाबताच मोटर बंद होते ना, ते दुकानाबाहेर करून बघा. मी सिग्नलला ब्रेक धरूनच उभी असते आणि निघताना सगळ्यात कमी मदतीवर.

गुडघ्यासाठी हलका गिअर, भरभर पाय. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. मात्र पहिले पंधरा दिवस सीट थोडी खालीच ठेवा, पाय जमिनीला टेकू देत.

आणि हो, चांदणी चौक. पूल नवे झाले, रस्ते रुंद झाले, सायकलवाला मात्र कोणाच्या हिशेबात नाही. रविवारी सातच्या आत पार व्हा.

जुना पाना:
चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, म्हणून दोन शब्द. मागच्या चाकाच्या मध्यातच मोटर (हब मोटर) असली की पंक्चरवाला चाकाला हात लावायला घाबरतो. त्याला सांगा, चाक काढू नको. टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढ, तिथेच ठिगळ लाव. बैलगाडीच्या बेताने जायचं असलं तरी चढाला पाय मारा. नुसत्या थ्रॉटलवर हब मोटर रखडते, तापते. पावसात भिजली तर हरकत नाही, पण सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. बॅटरी सोबतच्याच चार्जरवर, डोळ्यांसमोर, दिवसा चार्ज करा.

कोथरूडकर६९:
आभार. काल परत गेलो. दुकानदार म्हणाला, इथेच स्टँडवर बसून बघा. मी म्हटलं, बाहेर काढ, पिशवीत पाच किलो बटाटे आणलेत. गल्लीत सहा वेळा चढलो, सहा वेळा उतरलो. दांडेवालीवर तिसऱ्यांदा चप्पल अडकली. १८ किलोवाली जमली, फक्त हँडल लांब पडतं. बुधवारी आखूड स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, लावून देतो म्हणालाय. सेन्सर केडन्सचाच निघाला, पण ब्रेक दाबला की मोटर लगेच सोडते. सौ. बटाट्यांवरून बोलली, सायकलवरून नाही.

एक राहिलं. आरसा डावीकडे लावू का उजवीकडे?

टेकडीखालची:
उजवीकडे. हा काय प्रश्न झाला?