ठुशी-नथीचे फोटो मोबाईलवर नीट येईनात, मण्यात मीच दिसायलेय

मोत्याची_पेटी (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी घरी ठुशी, चिंचपेटी, नथी, कुड्या बनवते, पितळेचे सोनेरी पॉलिशचे मणी आणि मोती, सगळं हातानं ओवलेलं. आतापर्यंत ओळखीत आणि भिशीच्या ग्रुपमध्ये खपत होतं, आता इन्स्टावर पेज काढलंय आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग पण भरायचाय, पण फोटोपाशी येऊन सगळं अडलंय. हातात घेतली की ठुशी इतकी सुंदर दिसते आणि फोटोत तीच मळकट. झूम करून बघितलं तर प्रत्येक मण्यात एक काळा ठिपका, तो म्हणजे माझा मोबाईल आणि त्याच्या मागं मी. लाल ड्रेस घातला असला तर अख्खी ठुशी लालसर मारते. मोती कधी पिवळे येतात कधी निळसर. गच्चीवर नेऊन काढले तर निम्मे मणी पांढरेफटक आणि खाली कडक सावली, आपल्याकडचं ऊन कसं असतंय माहितीच आहे सगळ्यांना. आणि नथ जवळून काढायला गेले की एकच मोती स्पष्ट, बाकी सगळी धुरकट.

घरात कॅमेरा घ्यायचं चाललंय, दिवाळीच्या आत. कॅमेरा घेऊ, नवीन फोन घेऊ का ते आत लाइट असलेलं बॉक्स मिळतं ते घेऊ? खर्च करायच्या आधी इथं कुणी हे काम करत असेल तर सांगा. अजून एक, खाली मी खणाचं कापड अंथरते, मला छान वाटतं, पण बहीण म्हणते दागिना दिसतच नाही.

पूर्वभाग_सोलापूर

बहिणीचं ऐका ताई. खणावर एवढी बारीक नक्षी असते, वर परत ठुशीचे बारीक मणी, बघणाऱ्याची नजर ठरत नाही. खण, इरकल ठेवाच पण शेवटच्या एखाद्या फोटोला, आणि तो पण दागिन्यापासून लांब मागं, धूसर. पहिला फोटो साध्यावर. आणि आपल्या सोलापूरचा टॉवेल अंथरायचं डोक्यात आलं असेल तर नको, जवळून काढलं की त्याची लव दिसते आणि नथीच्या तारेत अडकते ते वेगळंच.

स्टुडिओवाला_सातरस्ता

ताई, पैसे आत्ता पर्समध्येच राहू द्या. कितीही भारी कॅमेरा आणला तरी मण्यात मोबाईलच्या जागी तो कॅमेरा दिसेल एवढाच फरक. पॉलिशचा गोल मणी म्हणजे फुगीर आरसा, समोरची अख्खी खोली त्यात बारीक होऊन मावते, खिडकी, पंखा, ट्यूब, तुम्ही. मणी उजळ दिसायला पाहिजे असेल तर त्याच्या समोर जे जे आहे ते उजळ करायचं, सगळी मेहनत तिथं घाला.

उत्तरेची खिडकी असेल तर उत्तमच, तिथं थेट ऊन येत नाही (मे ते जुलैमध्ये सूर्य आपल्याकडं डोक्यावरून जरा उत्तरेला सरकतो, तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं). दुसऱ्या दिशेची असली तरी चालतंय, काचेवर ट्रेसिंग पेपर लावा नाहीतर जुनं पांढरं धोतर ताणून बांधा, त्यातनं गाळून आलेला उजेड मऊ पडतो. टेबल खिडकीला लावा, खिडकी डाव्या हाताला. खाली पांढरी ड्रॉइंग शीट, तीच मागं हळूच वर वळवून भिंतीला टेकवायची, घडी पाडायची नाही म्हणजे मागं रेघ येत नाही. उजवीकडं दुसरी शीट उभी. तिसरी शीट तुमच्या आणि दागिन्याच्या मध्ये, तिला लेन्सएवढं भोक पाडायचं आणि त्या भोकातून फोटो काढायचा. आता मण्यात तुम्ही नाही, तुमचा ड्रेस नाही, फक्त पांढरा कागद आणि एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. नवी पेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात या शीट मिळतात.

पण सगळीकडून नुसतं पांढरं झालं की मणी सपाट दिसतात, एकात एक मिसळतात. म्हणून काळ्या कार्डशीटची बोटभर रुंद पट्टी कापून दागिन्याजवळ, फ्रेमच्या जरा बाहेर उभी करा. ती प्रत्येक मण्याच्या कडेला बारीक काळी रेघ होऊन उतरते आणि मणी न मणी सुटा दिसतो. पट्टी थोडी थोडी सरकवत स्क्रीनवर बघत रहा, ठुशीला एकदम जीव येतो, मला तर हे काम करताना वेळेचं भान राहत नाही.

घरातली ट्यूब, बल्ब सगळं बंद. मोती पिवळे-निळे यायचं कारण तेच, दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) किंवा त्याच्या वर आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दोन्ही एकत्र आले की फोनला नेमकं पांढरं काय ते कळत नाही. खोलीची भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिचा रंग पण मोत्यात उतरतो. आणि पांढऱ्या कागदावर फोन स्वतःहून फोटो करडा करतो, तेव्हा दागिन्यावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येईल ते वर सरकवा. काळ्या कापडावर काढत असाल तर खाली.

मोत्याची_पेटी

दादा काय सांगू, तिन्ही शीट लावल्या आणि ठुशी पहिल्यांदा माझ्या ठुशीसारखी दिसली, आईला दाखवली तर ती म्हणाली ही विकत आणलीस का. काळ्या पट्टीचं तर खरंच जादूवाणी आहे. पण नथीचे मोती त्यात फिके पडायलेत, प्लास्टिकच्या गोळ्यांसारखे. आणि धुरकट व्हायचं काही थांबेना, फोनमध्ये जवळून काढायचं मॅक्रो म्हणून एक आहे ते लावून पण बघितलं.

बार्शीची_साजवाली

मोत्याला उलटं लागतं ताई. मोत्याची चमक आतनं आल्यासारखी दिसते ती एका बाजूनं उजेड आणि दुसऱ्या बाजूनं हलकी सावली असली तरच. चारी बाजूनं पांढरं केलं की ती जाते, म्हणून ते लाइटवालं बॉक्स मोत्यांसाठी घेऊच नका. नथ काढताना उजवीकडची शीट काढून टाका किंवा लांब सरकवा, प्रत्येक मोत्यावर खिडकीचा एकच मऊ ठिपका आला पाहिजे.

धुरकटचं म्हणाल तर स्वस्त फोनमध्ये मॅक्रो म्हणून बहुतेक वेळा दोन मेगापिक्सेलची वेगळी लेन्स असते, तिला विसरा. मेन कॅमेरानंच, पण हातभर मागं सरकून २एक्स करून काढा आणि नंतर कापा. अगदी जवळ गेलं की फोकसची पट्टी काही मिलिमीटरचीच उरते, शिवाय जवळचा मोती मोठा आणि लांबचा बारका दिसून नथीचा आकारच बिघडतो. नथ फोनला समांतर पाहिजे, तिरकी नको. उभी राहत नसेल तर मागं मेणाचा चिमूटभर गोळा. फोन डब्याला टेकवून टायमर लावा, हात लागला की हलतो. आणि लेन्स पुसा, आपण कामात असतो, बोटाला तेल-पॉलिश लागलेलं असतं, निम्मा धूर तिथलाच असतो. दागिना पण मऊ ब्रशनं झाडून घ्या, डोळ्याला न दिसणारी धूळ फोटोत खड्यावर बसलेली दिसते.

माझी एक कळकळीची विनंती, फोटो एडिट करताना सोनेरी रंग वाढवू नका. वाढवलेला फोटो बघून ऑर्डर जास्त येतात हे खरं, पण पार्सल उघडल्यावर बाई हिरमुसते आणि परत तुमच्या पेजवर येत नाही. समोर दागिना धरून स्क्रीन बघा, दोन्ही सारखं दिसलं की थांबा. एक फोटो गळ्यात घातलेला हवाच, ठुशी गळ्यालगत बसते ते टेबलवर कळत नाही. एक मागच्या दोरी-गोंड्याचा. नथ दाबाची आहे का टोचलेल्या नाकाची ते दिसेल असा एक. आणि पेंडंटची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. हे सगळे प्रश्न बायका मेसेज करून विचारतात, फोटोत उत्तर असलं की तुमचा पण वेळ वाचतो.

कुमठा_नाका

मण्यातली झळाळी घालवायला पोलरायझर फिल्टर मिळतो की, मोबाईलला क्लिपनं लागतो. तो घेतला तर एवढ्या शीटा कशाला?

स्टुडिओवाला_सातरस्ता

काच, पाणी, खडे यांच्यावरची चमक त्यानं कमी होते दादा, धातूवरची नाही. धातूवरनं परत येणाऱ्या उजेडावर तो फिल्टर तसा चालत नाही, म्हणून ठुशीला उपयोग शून्य. शीटच लावा.

आणि ताई, पुढं ॲमेझॉनवर टाकायचं ठरलं तर पहिल्या फोटोला मागं शुद्ध पांढरंच लागतं, आरजीबीत (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे २५५, आणि फ्रेमचा ८५ टक्के भाग तरी दागिन्यानं भरलेला. इन्स्टाला तसलं बंधन नाही, तिथं उभा १०८० बाय १३५० करून टाका, जागा जास्त मिळते. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवताना एचडी करा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की बारीक काम दाबलं जातं.

तिळगूळ_होटगीरोड

इथंच विचारते, मी संक्रांतीला हलव्याचे दागिने करते, नव्या नवरीचे आणि बोरन्हाणाचे. हे सगळं त्याला पण लागू आहे का? माझे हार काळ्या कापडावर नुसता पांढरा पट्टा दिसतात, काटा दिसतच नाही, आणि काट्यासाठी तर बाई कढईपाशी उभी राहून पाक टाकत हलवा हलवत बसते.

स्टुडिओवाला_सातरस्ता

नाही, त्याला अगदी वेगळं. हलवा चकाकत नाही, त्याच्यात खोली दिसायचा प्रश्नच नाही, त्याला पाहिजे काट्याची सावली. पांढऱ्या शीट सगळ्या काढा. खिडकी एका बाजूला आणि उजेड जवळजवळ टेबलाला लागून आडवा येईल असं बसवा, खिडकीचा वरचा भाग कापडानं झाकला की होतं. आडव्या उजेडात प्रत्येक काट्याच्या मागं बारीक सावली पडते आणि दाणा उठून दिसतो. काळं कापड चंद्रकळेसारखं राहू द्या, त्यावर शोभतं, पण ते बघून फोन फोटो उजळवतो आणि पांढरा हलवा जळतो, म्हणून हलव्यावर बोट टेकवून सूर्य खाली ओढा, काटे मोजता येईपर्यंत. सोनेरी कागद, मणी लावले असतील तर तेवढ्यापुरती एक छोटी पांढरी चिठ्ठी त्यांच्यासमोर धरा. दागिना झाला की लगेच काढून घ्या, दमट हवेत हलवा चिकट होतो आणि काटा बसतो. संक्रांतीच्या गड्डा जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत कॅटलॉग तयार पाहिजे, त्यामुळं नमुन्याचा एक सेट डिसेंबरातच करा.