"अंगावरून जातंय" म्हणजे नक्की काय जातंय? गरोदरपणातले अनुभव लिहा

माझा आठवा संपत आलाय. परवा राजारामपुरीत तपासणीला गेले होते. बाकावर आम्ही पाच-सहा जणी. शेजारची आत गेली, दार नीट लागलं नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.
"मॅडम, अंगावरून जातंय."
"काय जातंय? पांढरं, पिवळं, पाणी, लाल?"
बराच वेळ शांतता. मग, "जातंय तेच."

मला हसू नाही आलं. पुढचा नंबर माझा होता आणि मीही तेच वाक्य घोकून गेले होते.

आपल्याकडे या एका शब्दात सगळं कोंबतात. दुधाळ स्राव, शेंबडासारखा गोळा, पाणमोटेचं (बाळाभोवतीच्या पिशवीतलं) पाणी, रक्त, सगळं "जातंय". म्हणून हा धागा काढतेय. जसं दिसलं तसं लिहा, किळस वाटेल म्हणून गाळू नका. नाव नको, गाव पुरे.

माझ्यापासून सुरुवात. तिसऱ्या महिन्यापासून पातळ, दुधाळ, किंचित आंबूस वास, खाज नाही. आई म्हणाली उष्णता, आणि रोज सब्जा पाजायला लागली. मॅडम म्हणाल्या, इस्ट्रोजेन वाढतं, तिथला रक्तपुरवठा वाढतो, म्हणून हे होतं आणि शेवटी शेवटी आणखी वाढेल. सुती चड्डी वापरा, ओली झाली की बदला, साबण किंवा कसलंही लिक्विड आत घालून धुऊ नका. सब्जा मी अजून पितेय, आवडतो म्हणून.

कागल
माझं पातळ नव्हतं. चक्क्यासारखं घट्ट, वास फारसा नाही, पण खाज अशी की रात्री उठून बसायचे. लघवीला गेलं की आग. सासूबाईंचं निदान तेच, उष्णता. पंधरा दिवस काढले. ह्यांनी मेडिकलमधून एकच घ्यायची गोळी आणली होती, नशीब मी आधी डॉक्टरांना फोन केला. ती पोटातून घ्यायची फ्लुकोनाझोल होती, गरोदरपणात नको म्हणाल्या. बुरशीचं इन्फेक्शन निघालं. क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या दिल्या, सात रात्री. शुगरही तपासली, कारण शुगर वाढली की हे वारंवार होतं म्हणे. चौथ्या दिवशी मी माणसात आले. पण त्यानंतर दोन महिने घरात पांढरा रस्सा केला की मी ताटावरून उठायचे, आणि का ते कुणाला सांगता येईना.

शाहूपुरी
मला खाज अजिबात नाही, पण करडं, पातळ आणि माशासारखा वास. संबंध आल्यावर वास जास्त. स्वतःचीच लाज वाटून दिवसातून तीनदा धूत बसले, त्यानं आणखी वाढलं. बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणाले, आतल्या चांगल्या जंतूंचा तोल बिघडतो. दुर्लक्ष केलं तर वेळेआधी कळा यायची शक्यता वाढते, हे ऐकून लाज पळाली. मेट्रोनिडाझोलचा कोर्स झाला, संपलं.

करवीर तालुका, आशा ताई
पोरींनो, फोनवर मी चारच गोष्टी विचारते. रंग, वास, किती, आणि किती वाजल्यापासून. पाचवी म्हणजे बाळ हलतंय का. सांगायला जड जातं तर पॅड पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, त्यांना त्यात नवीन काही नसतं. आतून तपासणी केल्यावर एक-दोन दिवस थोडं तपकिरी दिसलं तर बहुतेक वेळा ते त्यामुळंच असतं, पण वाढलं किंवा लाल झालं तर कळवायचं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तिथंही विचारा. आणि गाडी मिळेना तर 108.

गडहिंग्लज
38 वा आठवडा. सकाळी बाथरूममध्ये हातात आलं, जेलीचा गोळा, त्यात गुलाबी रेघ. मी किंचाळले, ह्यांनी गाडी काढली, आई देव पाण्यात घालून बसली. दवाखान्यात गेल्यावर नर्स म्हणाली, हा शो आहे, गर्भाशयाच्या तोंडाचं बूच सुटलंय, कळा आल्यावर या. परत घरी! बाळंत झाले नऊ दिवसांनी. धाकट्या बहिणीचं असंच दिसलं आणि चार तासांत मुलगी झाली. त्यामुळं त्यावरून दिवस मोजायला जाऊ नका.

इचलकरंजी
गडहिंग्लजच्या ताई, मला तसंच 34 व्या आठवड्यात झालं. 37 च्या आधी दिसलं तर घरी थांबायचं नाही. मी "शो म्हणजे नॉर्मल" असं कुठंतरी वाचून संध्याकाळपर्यंत बसले होते, पाठ दुखत होती तरी. तपासलं तर तोंड उघडायला लागलेलं. ॲडमिट केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली.

शिरोळ तालुका (नवरा लिहितोय, चालेल ना?)
ऑगस्ट 2019, महापूर. गावात पाणी शिरायच्या आधीच आम्ही जयसिंगपूरला मेव्हण्यांकडं आलेलो. रात्री बायकोनं हलवून उठवलं, "अहो, पाणी आलं." मी टॉर्च घेऊन थेट रस्त्यावर. पायरीपर्यंत बघून आलो, म्हटलं कुठाय पाणी? ती कपाळाला हात लावून बसलेली, पांघरूण ओलं.

तिला वाटत होतं लघवी झाली असेल. पण ती थांबवता येते, हे थांबत नव्हतं. उठली की भस्सकन, बसली की थेंब थेंब. पॅड लावला, अर्ध्या तासात भिजला. पिवळा नाही, लघवीचा वास नाही. मी लाइट बिलाच्या पाठीवर लिहिलं: 2:40, रंग पाण्यासारखा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच, किती वाजता? पाणमोट फुटून फार वेळ गेला की आत जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून घड्याळ महत्त्वाचं. त्यांनी कागदाची पट्टी लावली, ती निळी झाली. कळा आपणहून येईनात म्हणून सकाळी सलाइनमधून औषध सुरू केलं. पोरगं झालं दुपारी. ते बिल लॅमिनेट करून ठेवलंय.

मंगळवार पेठ
माझं पाणी हिरवट होतं, रंकाळ्याच्या कडेला असतं तसं. कळा नव्हत्या म्हणून सासरे म्हणाले जेवून जाऊ. जाऊबाईंनी ऐकलं नाही, रिक्षा बोलावली. बाळानं आतच शी केली होती. सिझर झालं. मुलगा तीन वर्षांचा आहे, जाऊबाईंना "मोठी आई" म्हणतो.

गांधीनगर
31 वा आठवडा, लालभडक, दुखणं शून्य. दुखत नाही म्हणून मी झोपणार होते. वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी होती. दुखत नसलं तरी रात्रीच निघा, आतून तपासू देण्याआधी सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवा.

धागा काढणारी, पुन्हा
आज 39 आठवडे 2 दिवस. पहाटे 5:50 ला जेलीसारखं, तपकिरी रेघ, वास नाही, पाणी नाही, बाळ हलतंय. मॅडमना फोन करून अगदी हेच वाक्य म्हटलं. पलीकडून, "वा! आता कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की या. पाणी गेलं किंवा लाल दिसलं तर लगेच." आत्ता बारा-बारा मिनिटांवर आहेत. आई शिरा करतेय. सब्जा भिजत घातलाय तो तसाच राहील बहुतेक.