आईच्या कोरड्या डोळ्यांसाठी लिपिफ्लो (मशीनने पापण्यांना शेक आणि दाब) करावं का? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय, वय ६८. डोळे सतत चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं टोचतं, संध्याकाळी पोथीसुद्धा वाचवत नाही तिला. पाणी तर सारखं गळतं, त्यामुळे हा कोरडेपणा असेल असं घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टर म्हणाले पाणी पुरेसं आहे, पण पापणीच्या कडेला ज्या मायबोमियन ग्रंथी असतात त्यातलं तेल घट्ट होऊन तोंडं बुजलीयेत, वर तेलाचा थर नाही म्हणून अश्रू टिकत नाहीत, लगेच उडून जातात. शर्मर टेस्ट (पाणी किती तयार होतं ते कागदी पट्टीने मोजतात) नॉर्मल, टीबीयूटी (उघड्या डोळ्यावर अश्रूंचा थर किती वेळ टिकतो) मात्र ४ सेकंद, १० च्या वर हवी.

ड्रॉप्स आणि शेक चालू आहे. ओल्या रुमालाचा शेक दोन मिनिटांत गार होतो, तेल सुटायला पापणी ४० डिग्रीच्या आसपास पाच-दहा मिनिटं तरी राहायला हवी, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मास्क आणला. नंतर वरची पापणी खाली आणि खालची वर असं हलकं मालिश करून देते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं तिला, पण टिकत नाही.

आता लिपिफ्लो सुचवलंय. पापणीच्या आतून ४२.५ डिग्री उष्णता आणि बाहेरून दाब, १२ मिनिटांचं काम. खर्च आमच्यासाठी खूप आहे. २०२४ चा कॉक्रेन रिव्ह्यू (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) वाचला तर त्यात हे इतर उपायांपेक्षा सरस आहे असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही म्हटलंय, तिथे अडलेय मी. आयपीएलचाही (पापणीजवळच्या त्वचेवर तीव्र प्रकाशाचे झोत देतात) पर्याय आहे पण आई चांगलीच सावळी आहे आणि गडद त्वचेला त्या लाइटने भाजायची, डाग पडायची भीती जास्त, तो मला नकोच वाटतो.

घाई अशासाठी की मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय आणि डोळा असा कोरडा असताना लेन्सच्या नंबरचं माप चुकू शकतं, म्हणून आधी हे सुधारा असं डॉक्टरांचं म्हणणं आणि ते मला पटतं.

ज्यांनी स्वतः किंवा आईवडिलांचं लिपिफ्लो करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, फरक किती महिने टिकला, नंतर घरचा शेक चालूच ठेवावा लागला का? आणि आधी मायबोग्राफी (पापणीतल्या त्या ग्रंथींचा फोटो) केली होती का? कारण ग्रंथी सुकून गेल्या असतील तर त्या परत येत नाहीत म्हणतात, मग आधी तो फोटो काढायचा आग्रह धरू का डॉक्टरांकडे? मोतीबिंदूच्या आधी कुणी केलं असेल तर मधे किती अंतर ठेवलं तेही लिहा.