हळदीत शिसं असतं का? घरी कसं ओळखायचं?

मिरजकरीण: परवा सांगलीच्या बाजारातनं सुटी हळकुंडं आणली, इतकी चकचकीत की हाताला रंग लागला, धुताना पाणी पार पिवळंजर्द. मुलगी 3 वर्षांची, रोज हळद-दूध पिते. खूप काळजी वाटतेय.

हळदवाला: ताई, ती वापरू नका. पिवळं दिसावं म्हणून काहीजण लेड क्रोमेट हा पिवळा रासायनिक रंग चोळतात, त्यात शिसं असतं. आमची हळद शिजवून, वाळवून, ड्रममध्ये फिरवून निघते ती वरनं जरा मळकटच दिसते, मोडली की आतनं केशरी. पाण्यात टाकल्या टाकल्या एवढा रंग सोडत नाही.

लॅबवाला: पाण्याची टेस्ट अंदाजापुरतीच हं, रंग सुटला नाही म्हणून शिसं नाहीच असं धरू नका. खात्री आयसीपी-एमएस किंवा एएएस या धातू मोजणाऱ्या मशीनवरच, एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला नमुना द्या, हळदीतल्या शिशासाठी एफएसएसएआयची (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) मर्यादा 10 पीपीएम, म्हणजे किलोला 10 मिलिग्रॅम आहे. आणि डॉक्टरांना विचारून मुलीची ब्लड लेड टेस्ट (रक्तातलं शिसं मोजणारी तपासणी) आधी करा, शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि बाहेरून काही कळत नाही. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, तेही तपासून घ्या.

मिरजकरीण: उद्या सकाळीच नेते तिला. हळकुंडं वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलीत, टाकली नाहीत, नमुन्याला देते.