दोन मुलं, 10 बाय 9 ची खोली: घडीचं टेबल आणि उलटसुलट वापरायच्या बैठका घरी कशा कराव्यात?

दीड_खोली | प्रश्न

नमस्कार मंडळी,

मुलांची खोली 10 बाय 9 फुटांची आहे. त्यातच पलंग आणि कपाट. मुलगी 128 सेंमी उंच आहे, मुलगा 103. दोघांना एकाच वेळी बसून लिहिता यावं, चित्रं काढता यावीत आणि रात्री जमीन पुन्हा मोकळी व्हावी, एवढंच हवं आहे. ड्रिल, जिगसॉ, चार क्लॅम्प आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) घरी आहे. प्लाय दुकानातूनच मापात कापून मिळेल.

डोक्यात दोन गोष्टी आहेत: भिंतीला घडी होणारं टेबल आणि आत खेळणी ठेवून वर बसता येईल अशी झाकणाची पेटी. उंची किती धरावी? एका 8 बाय 4 च्या शीटमध्ये किती बसेल? भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) असावी असं वाटतं, ती टेबल पेलेल का? दुमजली पलंग करावा का, असंही घरात चाललंय.

---

गुण्या_रंधा | उत्तर

आधी उंची ठरवा, बाकी सगळं मागून. मोठ्यांचं टेबल 75 सेंमीचं असतं. त्यावर मूल लिहायला बसलं की खांदे कानाशी येतात आणि पाय लोंबकळतात. युरोपात शाळेच्या फर्निचरसाठी ईएन 1729 हे मानक आहे, त्यातली मापं घरीही चालतात. मुलाची उंची 93 ते 116 सेंमी असेल तर बैठक 26 आणि टेबल 46 सेंमी. 108 ते 121 ला 31 आणि 53. 119 ते 142 ला 35 आणि 59. 133 ते 159 ला 38 आणि 64. 146 ते 176.5 ला 43 आणि 71. दोन गटांच्या सीमेवरचं मूल असेल तर त्याला बसवून बघा. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे.

यावरून उघड आहे की तुमच्या दोघांना एक टेबल चालणार नाही. मुलीसाठी भिंतीवरचं करा. मुलासाठी आणि बैठकीसाठी उलटवता येणारे ठोकळे करा, म्हणजे एकच वस्तू तीन उंचींना वापरता येते.

एका ठोकळ्याला 18 मिमी प्लायचे (दुकानात सहा सुती म्हणून मागा) चार तुकडे लागतात: दोन बाजू 380 × 380, पाठ 360 × 380 (उभी 380), बैठक 360 × 360. पाठ दोन बाजूंच्या मध्ये, मागच्या कडेला. बैठक पाठीला टेकून आडवी, तिचा वरचा पृष्ठभाग खालून 140 मिमीवर. सरळ ठेवला तर बैठक 14 सेंमी, अगदी लहानग्यासाठी. उलटा केला तर बैठकीची खालची बाजू वर येते आणि उंची 380 वजा 122 म्हणजे 25.8 सेंमी होते, तुमच्या मुलाला बरोबर. पाठ वर येईल असा आडवा टाकला की 38 सेंमीचं स्टूल.

बैठक 362 ऐवजी 360 ची मुद्दाम घेतली आहे. स्टूल करताना ती उभी होते आणि तिची कड जमिनीकडे येते. 2 मिमी आत राहिली तर ठोकळा बाजूंच्या कडांवर नीट बसतो. पूर्ण 362 ठेवली आणि अर्धा मिलिमीटर जरी बाहेर आली तरी ठोकळा कायम डुगडुगत राहील.

जोडताना आधी पाठ आणि बैठक यांचा काटकोन करा, मग बाजू लावा. प्रत्येक कडेला दोन्ही टोकांपासून 50 मिमी सोडून चार स्क्रू, 8 नंबर, 2 इंची. एका ठोकळ्याला 20. वरच्या फळीला 4.5 मिमीचं आरपार भोक, खालच्या फळीच्या कडेत 3 मिमीचं. हे कडेतलं भोक टाळलं तर स्क्रू प्लायचे थर फाकवतो. फट बाहेरून दिसत नाही, पण सांधा वर्षभरात ढिला होतो. खरं काम फेविकॉलच करतो, स्क्रू फक्त दाबून धरतात. म्हणून गोंद कडेवर पूर्ण पसरवा, कर्ण मोजून घ्या आणि 24 तास त्यावर कोणाला बसू देऊ नका.

पाठीच्या मधोमध 100 × 25 मिमीची हाताची खाच पाडा. दोन टोकांना 25 चं होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत), मधला भाग जिगसॉने. हिचा दुसरा उपयोग पुढे आहे.

एका शीटमध्ये तीन ठोकळे, मुलाची फळी (1200 × 400) आणि भिंतीवरच्या टेबलाची फळी (900 × 450) बसते. 1220 च्या रुंदीत 380 चे तीन, अशा चार ओळी. करवतीची 3 मिमी जाडी धरून लांबीतले 1532 मिमी जातात. मग 1200 ची फळी आडवी, त्यानंतर 900 ची. एकूण 2388, शीट 2440. चार ओळींच्या बाजूला जी 71 मिमीची पट्टी उरते ती फेकू नका, तिच्यातून 62 मिमी रुंद, 300 लांब अशा चार पट्ट्या काढा. 900 च्या फळीशेजारी उरलेल्या तुकड्यातून 90 × 77 मिमीच्या दोन जिभा.

आता मुलाचं टेबल. दोन ठोकळे स्टूलसारखे ठेवायचे, वर 1200 ची फळी. फळीखाली त्या चार पट्ट्या उभ्या कडेवर लावायच्या, प्रत्येक ठोकळ्यावर दोन येतील अशा. 380 अधिक 62 अधिक 18 म्हणजे बरोबर 46 सेंमी. पट्ट्यांच्या मध्ये एकेक जीभ उभी लावली की ती 15 मिमी खाली उतरून हाताच्या खाचेत बसते आणि फळी सरकत नाही. मध्ये गुडघ्यांना 40 सेंमी जागा मिळते. ठोकळ्याची उघडी बाजू मुलाकडे ठेवा, 240 मिमीचा कप्पा पुढे घ्या, त्यात पुस्तकं उभी राहतात. रात्री फळी पलंगाखाली जाते.

---

भिंत_आणि_बोल्ट | उत्तर

भिंतीचं मी सांगतो, कारण घडीचं टेबल फळीमुळे पडत नाही, भिंतीतून उपटून पडतं.

आधी भिंत ओळखा. कपाटामागे एक छोटं भोक पाडा. ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवूनही बिट सहज आत गेलं आणि पांढरट-करडी मऊ पूड आली तर सिपोरेक्स. लाल पूड आली तर वीट. बिट अडलं आणि हॅमरशिवाय हललं नाही तर काँक्रीट. सिपोरेक्समध्ये साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. लावताना घट्ट वाटते, पण रोजच्या झोक्यांनी भोवतालचा ब्लॉक भुगा होत जातो. त्यासाठी लांब नायलॉन फ्रेम फिक्सिंग (स्क्रूसकट येणारी लांब गिट्टी) घ्या, 10 × 100 मिमी. ड्रिल हॅमरशिवाय चालवा, नाहीतर भोक सैल होतं. 25 मिमी लाकूड (खाली सांगितलेली पट्टी) आणि 15 मिमी प्लास्टर वजा जाता ब्लॉकमध्ये 60 मिमी उरतात. प्लास्टरची जाडी पकडीत कधीच धरू नका.

ब्रॅकेट (फळी पेलणारे घडीचे लोखंडी आधार) थेट भिंतीवर का लावू नयेत, त्याचा ढोबळ हिशेब बघा. फळी 45 सेंमी बाहेर येते. मुलाचं वजन धरून चालणार नाही, कधीतरी 70 किलोचा पाहुणा कडेवर टेकतो. 70 गुणिले 45 म्हणजे 3150. फोल्डिंग ब्रॅकेटच्या उभ्या पट्टीत भोकांचं अंतर साधारण 15 सेंमी असतं, म्हणजे वरच्या स्क्रूंवर 210 किलोची ओढ. आता मध्ये उभी लाकडी पट्टी घाला, 75 × 25 मिमी, 70 सेंमी लांब, जमिनीपासून 10 ते 80 सेंमी. वरचं फिक्सिंग 75 सेंमीवर असेल तर खालच्या टोकापासून अंतर 65 सेंमी होतं आणि तीच ओढ 50 किलोच्या खाली येते, तीही दोन पट्ट्यांत वाटून. पट्टी सागवानाची किंवा दुसऱ्या कठीण लाकडाची हवी. प्रत्येकीला तीन फिक्सिंग, दोघींमध्ये 60 सेंमी.

याच पट्टीमुळे टेबल मुलीबरोबर वाढवता येतं. ब्रॅकेट लाकडाच्या स्क्रूने न लावता एम6 (6 मिमी जाड) बोल्टने लावा आणि टी-नट (लाकडात ठोकायचा चकतीचा नट) पट्टीच्या मागच्या बाजूने ठोका. मागून ठोकलेला नट बोल्ट आवळताना लाकडात आणखी रुततो, पुढून ठोकलेला बाहेर येतो. नटाची चकती बसेल एवढं मागे कोरून घ्या, नाहीतर पट्टी भिंतीला चिकटून बसणार नाही. तीन उंचींची भोकं आत्ताच पाडून सगळे नट बसवून टाका: टेबलाचा वरचा पृष्ठभाग 62, 66 आणि 71 सेंमीला. पट्टी एकदा भिंतीवर गेली की मागे हात पोचत नाही. भोकांच्या खुणा ब्रॅकेटच ठेवून करा, पट्टीने मोजून नको.

ब्रॅकेट 16 इंची घ्या. बंद असताना टेबल भिंतीपासून साधारण 3 इंच बाहेर राहील. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल करू नका, तिथे वायरचा पाइप असतो.

---

सुतारनेट | उत्तर

वरच्या दोघांशी सहमत, एक हरकत आहे. 128 सेंमीच्या मुलीला 38 चं स्टूल 3 सेंमीने उंच आहे. टाचा उचललेल्या राहतील आणि मांडीखाली कड रुतेल. 62 चं भोक त्यासाठीच ठेवलेलं दिसतंय, पण पायाखाली 3 सेंमीची फळी दिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. 30 × 40 सेंमीची फळी, खाली रबर. ती 135 च्या पुढे गेली की फळी काढा आणि टेबल 66 ला न्या.

झाकणाच्या पेटीबद्दल: शक्य असेल तर झाकणच करू नका. मूल पेटीत वाकलेलं असताना पडणारं झाकण मानेवर येतं. साधी चेन किंवा पितळी कडी झाकण मागे जाण्यापासून अडवते, पडण्यापासून नाही. करायचीच असेल तर कुठल्याही कोनात थांबणारा फ्रिक्शन सपोर्ट लावा. कसोटी सोपी आहे: झाकण अर्ध्यात सोडून द्या, अर्ध्या इंचाहून जास्त खाली आलं तर नापास. गॅस पंप वजनाप्रमाणे निवडला नाही तर हलकं झाकण उसळून वर येतं आणि जड झाकण शेवटच्या वितीत धाडकन बसतं. कडी-कुलूप नको. मूल आत लपून बसतंच, म्हणून दोन्ही बाजूंना हाताच्या खाचा आरपार ठेवा. मागची भोकं पेटी भिंतीला सरकवली की बंद होतात, ती हवेसाठी धरू नका. बिजागरीकडची फट 5 मिमीच्या आत किंवा 12 च्या वर हवी, मधल्या मापात बोट अडकतं.

मला विचाराल तर पलंगाखाली जाणारे चाकांचे उघडे खोके बरे. पलंगाखालची मोकळी उंची मोजा आणि त्यातून चाकासकट 2 सेंमी कमी धरा.

दुमजली पलंग आत्ता नको. 6 वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नसतं, आणि धाकटा मोठीच्या मागे वर चढणारच. पुढे कधी केलात तर कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान 5 इंच वर हवा. जाड गादी आणली की बरोबर केलेला कठडा बुटका होतो.

---

दीड_खोली

खूपच उपयोगी. भोक पाडून पाहिलं, हॅमरशिवाय बिट गेलं आणि पूड मऊ करडी आली, म्हणजे सिपोरेक्सच. पेटी रद्द. प्लाय कुठला घेऊ? दुकानदार एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड) सुचवतोय, गुळगुळीत येतो म्हणून. आणि सनमायका लावू की पॉलिश?

---

गुण्या_रंधा

ठोकळ्यांना एमडीएफ नको. कडेत स्क्रू धरत नाही आणि इथे सगळे सांधे कडेतलेच आहेत. शिवाय फरशी पुसताना कडा पाणी पितात आणि एकदा फुगलेला एमडीएफ परत बसत नाही. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय पुरे. शीटवर आयएस 303 या भारतीय मानकाचा शिक्का आणि गोंदातून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूचं उत्सर्जन ई1 किंवा ई0 (म्हणजे कमी) बघा, खोली लहान आहे आणि मुलं त्यातच झोपतात. त्याहून वरच्या दर्जाचा आयएस 710 चा मरीन प्लाय लागत नाही.

18 लिहिलेला प्लाय बऱ्याचदा 17 च्या आसपास भरतो. या रचनेत सांध्यांना खाचा नाहीत, त्यामुळे बिघडत नाही. फक्त कापताना बाजू आणि पाठ यांचे 380 सगळीकडे तंतोतंत एक हवेत. म्हणून दुकानात एकाच सेटिंगवर सगळे कापून घ्या. एक ठोकळा 6 किलोच्या वर जातो, धाकट्याला उचलणार नाही, ओढेल. हलका हवा असेल तर 18 मिमी पाइन बोर्ड घ्या, पण त्यावर पेन्सिलचे खड्डे पडतात.

सनमायका लावणार असाल तर शीट कापायच्या आधी, आणि दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलेली 1200 ची फळी पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकते, कारण उघडी बाजू ओल घेते आणि बंद बाजू घेत नाही. कडांना 2 मिमीचा एज-बँड. पॉलिश करायचं असेल तर कडा 3 मिमी गोल करून 120, 180, 220 असा पेपर मारा. मग पाण्यावरचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, तीन हात. पहिल्या हाताने लाकडाचे रोम उभे राहतात, ते 320 ने हलक्या हाताने पुसून घ्या. कडांना एक हात जास्त. ठोकळ्याची कुठलीही कड कधीतरी जमिनीवर येणार, म्हणून एकही कच्ची सोडू नका.

---

भिंत_आणि_बोल्ट

एक राहिलं. टेबल लावल्यावर कडेवर 20 किलोची पाण्याची कॅन ठेवून रात्रभर सोडा आणि पट्टीच्या वरच्या टोकाशी पोस्टकार्ड घालून बघा. सकाळी पोस्टकार्ड आत शिरलं तर वरचं फिक्सिंग सुटलंय. तेच भोक पुन्हा वापरू नका, पट्टीवर 5 सेंमी खाली नवीन पाडा. महिन्याने बोल्ट एकदा आवळा, लाकूड सुकून थोडं बसतं.