केळीचं पान वॉटरकलरमध्ये जमत नाहीये

सांगलीहून:
परसातल्या केळीचं पान तीनदा काढलं, तिन्ही वेळा मधला दांडा हिरव्यातच बुडाला आणि कागद पापडासारखा फुगला, नवीनच शिकतेय, काय चुकतंय?

साताऱ्याहून:
ताई आधी कागद बदला, साधी ड्रॉइंगची वही नको, 300 जीएसएमचा, म्हणजे जाड वॉटरकलरचा घ्या. दांड्याची जागा कोरी सोडायची, पानाचे दोन्ही भाग वेगवेगळे रंगवायचे, एक वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. पहिला हात पातळ पिवळसर, मग गडद.

मिरजेहून:
ट्यूबमधला हिरवा तसाच नका लावू हो, प्लास्टिकचं पान वाटतं. प्रशियन ब्लूमध्ये पिवळा मिसळा, वर कणभर बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी रंग, बघा कसा खरा हिरवा येतो. आणि केळीच्या शिरा दांड्यापासून कडेला जातात, वाऱ्यानं पान फाटतं तेपण शिरेलगतच, म्हणून ब्रश त्याच दिशेनं ओढा. रंग ओला असतानाच पिळलेल्या ब्रशनं उचलला की शीर उजळ दिसते. मी तर म्हणेन फाटकं पानच काढा, जास्त जिवंत वाटतं.

सांगलीहून:
फाटकी तर ढीगभर आहेत! कागद आणून रविवारी बसते, फोटो टाकते इथंच.